चालणारे वाढले, वाढणाऱ्यांचं काय?

स्पेनहून परतल्यावर पहिल्याच रविवारी आजोळी, यवतला गेलो आणि मोठ्या कौतुकानं मामीला तो कागद दाखवला. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळून आणलेला, लॅटिन भाषेतला, वर वेलबुट्टी आणि खाली शिक्का. सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी पायी पोचणाऱ्याला तिथलं यात्रेकरू कार्यालय देतं तो. मामीनं हात पदराला पुसून तो धरला, उलटसुलट केला.

"कशाचा हाय?"

"चाललो ना मी, त्याचा."

"चालल्याचा कागद देत्यात?" तिनं तो परत माझ्या हातात दिला. "आन् ज्यांनी जेवू घातलं, त्यांना काय देत्यात?"

त्यांना काही देत नाहीत, उलट बहुतेक ठिकाणी तेच पैसे घेतात, असं मी सांगितलं. मामीला ते काही रुचलं नाही. देवाच्या वाटेवर जेवणाचे पैसे ही कल्पनाच तिच्या डोक्यात बसेना. मी तिला हॉटेल, भाडं, वीजबिल वगैरे समजावत राहिलो आणि ती "बरं" म्हणून चहा टाकायला उठली. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पायी यात्रांची जगभर जी लाट आली आहे तिच्याबद्दल बरंच वाचलं, थोडंफार स्वतः चालूनही पाहिलं. पण वाचलेल्या प्रत्येक मजकुरात नायक एकच असतो, चालणारा. त्याचे फोड, त्याचं एकटेपण, त्याला वाटेत सापडलेलं स्वतःचं काहीतरी. वाढणारा कुठंच नसतो.

यवत म्हणजे तुकोबांच्या पालखीचा लोणी काळभोरनंतरचा मुक्काम. पालखी काळभैरवनाथाच्या देवळात उतरते आणि त्या संध्याकाळी गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालतं. पिठलं देवळाच्या आवारात मोठाल्या कढयांत शिजतं, भाकरी घराघरांतून येते. मामीच्या चुलीला त्या दिवशी पहाटे तीनला जाग येते. भाकरी तव्यावरून उतरली की लगेच दुरडीत रचायची नाही, हे मी लहानपणी चटके खाऊन शिकलो. गरम भाकरीवर गरम भाकरी ठेवली की वाफ धरते, खालच्या भाकरी ओल्या होतात, दुपारपर्यंत आंबूस वास येतो. आधी कापडावर एकेक पसरून वाफ जाऊ द्यायची, मग चवड लावायची. दीडशे-दोनशे भाकरी अशा. मामी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून एकदाही पंढरपूरला पायी गेलेली नाही. पालखी येते त्या दिवशी ती चुलीपुढं असते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटात जीव नसतो. पण आपली वारी चुकली असं तिला वाटत नाही. विचारलं तर म्हणते, "माझी झाली की."

कामिनोची, म्हणजे सांतियागोच्या वाटेची गोष्ट आकड्यांत सांगायची तर १९८५ साली तिथल्या कार्यालयानं दिलेली प्रमाणपत्रं ७०० सुद्धा भरत नव्हती. २०२४ साली हा आकडा ५ लाखांच्या आसपास गेला. मध्ये चाळीसही वर्षं नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. गालिसिया प्रांताच्या सीमेवर ओ सेब्रेइरो नावाचं डोंगरमाथ्यावरचं खेडं आहे. तिथले पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिवळ्या रंगाचे डबे गाडीत टाकले आणि मध्ययुगातली ती विसरलेली वाट शोधत झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवत निघाले. सरहद्दीजवळ पोलिसांनी हटकलं तर म्हणाले, फ्रान्सकडून मोठं आक्रमण येणार आहे, त्याची तयारी करतोय. हा किस्सा तिथं सगळे सांगतात. १९८९ मध्ये ते गेले. आक्रमण त्यांना धड पाहायला मिळालं नाही. १९८७ मध्ये युरोप परिषदेनं या वाटेला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली होती. १९९३ हे पवित्र वर्ष होतं (सांतियागोच्या चर्चमध्ये ज्यांची समाधी मानतात त्या संत याकोबाचा दिवस, २५ जुलै, रविवारी आला की ते वर्ष पवित्र मानतात). त्या वर्षी गालिसियाच्या सरकारनं जाहिरातीचा धडाका लावला, युनेस्कोनंही जागतिक वारशात नाव घातलं, आणि आकडा लाखाच्या घरात गेला. एका पाद्र्याचा रंगाचा डबा आणि एका सरकारचं पर्यटन खातं, दोघांनी मिळून हे उभं केलं.

मग त्याची पिल्लं झाली. कँटरबरीहून रोमला जाणारी वाट पुन्हा आखली गेली, नॉर्वेत संत ओलाफच्या नावानं त्रोंदहाइमची वाट जागी झाली, जपानमध्ये कुमानोच्या जुन्या वाटांवर परदेशी लोक दिसू लागले. सो म्योंग-सुक या कोरियन पत्रकार बाई कामिनो चालून आल्या आणि २००७ मध्ये त्यांनी जेजू बेटावर स्वतःच एक वाट काढली. ती तर कुठल्या देवाकडे जातही नाही.

हे सगळं का झालं, याची दोन उत्तरं नेहमी मिळतात. एक म्हणजे धर्म परत येतोय. हे खरं असतं तर स्पेनमधली रविवारची चर्चं भरली असती. ती ओस पडत चालली आहेत. शिवाय सांतियागोच्या कार्यालयात तुम्हाला चालण्याचा हेतू विचारतात, आणि पाचातला एक तरी माणूस "धार्मिक नाही" या रकान्यावर खूण करतो. दुसरं उत्तर, माणसं मोबाइलला, गर्दीला, नोकरीला कंटाळली आहेत आणि निसर्गाकडे पळताहेत. हेही मला पटत नाही. निसर्गच हवा तर आल्प्स आहे, सह्याद्री आहे. कामिनोवर बुर्गोस शहरात शिरताना तुम्ही कितीतरी वेळ कारखाने, गुदामं आणि ट्रकांच्या बाजूनं चालता. बुर्गोसच्या पुढं पठारावर दिवसचे दिवस गव्हाची सपाट शेतं, सावलीला झाड नाही. इतकी कंटाळवाणी वाट निसर्गवेडा निवडणार नाही.

माझं उत्तर वेगळं आहे. माणसं तिथं जातात ती अनोळखी दारात स्वागत व्हावं म्हणून. आपण कोण, काय कमावतो, हे न विचारता कुणीतरी पुढ्यात ताट ठेवावं, हा अनुभव शहरातल्या माणसाच्या आयुष्यातून साफ गेला आहे. लग्नाची पंगत सोडली तर मी न मागता, पैसे न देता, परक्याच्या हातचं शेवटचं कधी जेवलो? तुम्हीही आठवून पाहा.

हे मला कळलं ते ग्रान्योनमध्ये. ला रिओखा प्रांतातलं दोन-चार गल्ल्यांचं गाव. तिथल्या चर्चच्या बुरुजात यात्रेकरूंना उतरायची सोय आहे. खाटा नाहीत, जमिनीवर पातळ गाद्या. दाराजवळ एक लाकडी पेटी उघडीच ठेवलेली, तिच्यावर पाटी: जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. मी सहाव्या-सातव्या तासाचं चालून, गुडघा धरून पोचलो. तिथल्या ओस्पितालेरोनं, म्हणजे यात्रेकरूंची व्यवस्था बघणाऱ्या स्वयंसेवकानं, पाणी दिलं, बूट कुठं ठेवायचे ते दाखवलं आणि हातात सुरी व कांद्याची टोपली दिली. तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक आम्ही सगळ्यांनी मिळून केला. एक निवृत्त जर्मन न्यायाधीश माझ्या शेजारी गाजरं किसत होते. ते न्यायाधीश होते हे भांडी घासताना कळलं, तेही कुणीतरी विचारलं म्हणून. जेवणाचा हिशेब साधा होता. काल आलेल्यांनी पेटीत जे टाकलं त्यातून आजची डाळ, आज तुम्ही टाकाल त्यातून उद्याच्या माणसांची. म्हणजे ज्यानं मला जेवू घातलं तो आदल्या दिवशीच निघून गेला होता, आणि मी ज्याला घातलं तो मला दिसणार नव्हता.

जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची साधारण १२०० किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. मी गेलेलो नाही, पण तिथली एक रीत मला फार मोलाची वाटते. पांढऱ्या कपड्यातला यात्रेकरू दिसला की लोक त्याला संत्रं देतात, चहा देतात, कधी मुठीत नाणी कोंबतात. याला ओसेत्ताई म्हणतात. रिवाज असा की ते नाकारायचं नाही. भूक नसली, पिशवीत जागा नसली तरी घ्यायचं आणि बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. कारण देणारा तुमच्यावर दया करत नसतो. तुमच्या रूपानं कोबो दाइशी, म्हणजे ज्या आचार्यांच्या नावानं ही प्रदक्षिणा आहे ते, दारावरून जात आहेत असं तो मानतो. यात्रेकरूच्या टोपीवर लिहिलेलं असतं, दोघे मिळून चाललो आहोत. तुम्ही नाकारलंत तर त्याची यात्रा मोडते. घरात बसून तोही चालतच असतो.

मामी "माझी झाली की" म्हणते ते हेच. वारकरी एकमेकांना माउली म्हणतात, वाट विचारताना, पाणी मागताना, चुकून पाय लागला तरीही. कुणीही कुणाच्याही पाया पडतं. पिठलं वाढणारी बाई समोरच्याकडे गरजू म्हणून बघत नाही. त्या पंगतीत फौजदारही असतो आणि भूमिहीन मजूरही, आणि दोघांनाही ती "घ्या माउली" म्हणते. हे पर्यटन खात्याच्या "अतिथी देवो भव" सारखं नाही. ते तर विमानतळावरच्या फलकावर असतं आणि खाली खोलीचं भाडं असतं.

आता माझी कबुली. सुट्टी पंधरा दिवसांची होती. लोग्रोन्योहून बुर्गोसपर्यंत चाललो, आणि मग बसमध्ये बसून सरळ सारियाला गेलो. कारण नियम असा की शेवटचे १०० किलोमीटर पायी चाललात की तो कागद मिळतो, आणि सारिया त्या हद्दीच्या जरासं अलीकडं आहे. माझ्यासारखे हिशेबी लोक खूप आहेत. प्रमाणपत्र घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा घोळका सारियाहून निघालेल्यांचाच असतो.

सारियाच्या पुढची वाट म्हणजे दुसरंच जग. शाळांच्या सहली, कंपन्यांचे गट, एकसारख्या टोप्या घातलेल्या पर्यटकांचे जथे. पाठीवरचं ओझं पुढच्या मुक्कामी नेऊन देणाऱ्या सेवा आहेत, स्पेनचं टपाल खातंही त्यात आहे. (ओझ्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. आपल्या प्रत्येक दिंडीमागं सामानाचा ट्रक असतो आणि दिंडीची भिशी भरल्याशिवाय त्यात पिशवी पडत नाही.) पण पहाटे पाचला काळोखात पिशव्यांच्या चेन कराकरा वाजायला लागतात, डोक्यावरच्या विजेऱ्या तुमच्या डोळ्यांवर मारत माणसं पळत सुटतात. कशासाठी? पुढच्या गावातली खाट दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून. जो शहाणा असतो त्यानं महिनाभर आधी मोबाइलवरून खोली राखून ठेवलेली असते. एका गावात मी पाण्यासाठी खानावळीत शिरलो तर मालकानं आधी पाटीकडं बोट दाखवलं: स्वच्छतागृह फक्त गिऱ्हाइकांसाठी. मी पाणीच मागत होतो, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. सकाळपासून त्याच्या दारावरून हजार माणसं गेली असतील, आणि हजारांतल्या प्रत्येकात माउली दिसणं माणसाच्या कुवतीबाहेरचं आहे. मी गिऱ्हाईक होतो, तो दुकानदार. ग्रान्योनहून इथवर मी चार-पाचशे किलोमीटर पुढं आलो होतो, आणि वाट तीच होती, बाणही तेच, पिवळे.

सांतियागोत तर रहिवाशांच्या संघटनेनं यात्रेकरूंनी कसं वागावं याची पत्रकं काढली आहेत: रात्री गल्लीत गात ओरडत फिरू नका, काठ्या दगडी फरशीवर आपटू नका. जुन्या शहरातल्या कितीतरी घरांच्या पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या खोल्या झाल्या, रोजच्या वाणसामानाच्या दुकानांच्या जागी शिंपले आणि चुंबकं विकणारी दुकानं आली. ज्या गावानं हजार वर्षं पाहुणे घेतले, तिथं यजमानालाच राहायला घर मिळेना.

माझं म्हणणं एवढंच आहे. पायी यात्रेचा प्राण वाढणाऱ्यात असतो, आणि लोकप्रियता नेमकं त्यालाच खाते. चालणारे कितीही वाढू शकतात. जाहिरात केली, रस्ता केला, विमानं सोडली की झालं. वाढणारे तसे वाढत नाहीत. एका गावाच्या चुली तेवढ्याच, मनगटं तेवढीच. एका मर्यादेपुढं गाव दोनच गोष्टी करू शकतं, दार लावून घेणं किंवा दारावर दरपत्रक लावणं.

यावर मला दोन आक्षेप दिसतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला पैशाचा. फोन्सेबादोन नावाचं डोंगरातलं खेडं १९९० च्या आसपास जवळजवळ ओस पडलं होतं, घरांची छपरं कोसळलेली. आज तिथं यात्रेकरूंसाठी निवारे आहेत, खानावळी आहेत, दिवे लागतात. हे दिवे पेटीतल्या दानावर नाही, दरपत्रकावर लागले. तरुण पोरं शहरात पळून जाणाऱ्या खेड्याला पुण्य नको, धंदा हवा, असं कुणी म्हटलं तर त्याला मी काय सांगणार? मी स्वतः पुण्यात पगार घेऊन राहतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे आणि तो आपल्या घरचा आहे. वाढणाऱ्याचं एवढं गुणगान करताना तो कुणाला वाढत होता ते विसरायचं का? इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत जातीप्रमाणे स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या बघून त्यांना जे वाटलं, ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. चोखोबांची समाधी देवळाबाहेर नामदेव पायरीपाशी आहे, आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. फुकट वाढणाऱ्याला निवडीचा अधिकार असतो आणि आपल्या समाजानं तो शतकानुशतकं निर्लज्जपणे वापरला. पैसे मोजणाऱ्याला मात्र जात विचारत नाहीत. सारियाच्या पुढच्या त्या खानावळवाल्यानं माझ्याकडे युरो मागितले, आडनाव मागितलं नाही. हे मी हलकं मानत नाही.

आणि मामीची मनगटं? पहाटे तीनला उठणारी बाई, आणि संध्याकाळी देवळात पंगतीत वाढायला उभे राहणारे बहुतेक पुरुष. मामा वाढतो, मामी थापते, फोटोत मामा येतो. "माझी झाली की वारी" असं मामी म्हणते तेव्हा त्यात समाधान किती आणि दुसरा मार्गच नव्हता हे किती, मला नाही सांगता येत. एकदा चालायला यायचंय का, असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

तरीही मी दरपत्रकाच्या बाजूनं जाणार नाही. जातीचा विटाळ काढायला पंगत मोडायची गरज नव्हती, पंगत एक करायची गरज होती. आणि ती जिथं झाली तिथं आपापल्या पैशानं शेजारी बसून जेवण्यापेक्षा फार मोठं काहीतरी झालं. बाईचे कष्ट कमी करायला भाकरी विकत घेण्यापेक्षा मामानं परातीपुढं बसणं बरं. दुकानदारी हा सोपा उपाय आहे आणि म्हणूनच सगळीकडं तोच होतो.

नर्मदेकाठी हे आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे, आणि त्यात मराठी माणसाचा हात मोठा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत परिक्रमेला जाणाऱ्यांत महाराष्ट्रातले लोक किती आहेत हे काठावरच्या कुठल्याही आश्रमात विचारा. ही परिक्रमा सदावर्तावर चालते. तुम्ही दारात "नर्मदे हर" म्हणता आणि पीठ, डाळ, मीठ मिळतं, किंवा तयार भाकर. देणारे कोण? बरेचदा तुमच्याहून गरीब. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या जंगलात, तर भिल्ल "मामा" आधी सगळं लुटून घेत आणि पुढच्या पाड्यावर कुणीतरी खायला घाले, अशी जुनी गोष्ट. मग सरदार सरोवर आलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, काठावरचे पाडे गेले, परिक्रमेची वाट वर सरकली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढलं त्यांचीच घरं बुडाली, आणि आपल्या परिक्रमेच्या गप्पांत त्या पाड्यांचा उल्लेख "वाट आता बदलली आहे" एवढाच उरला. चैत्रात रामपुरा ते तिलकवाडा अशी उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसात होणारी. ही नर्मदेची सारियाच म्हणायची. पुण्या-मुंबईहून रात्री बस निघते, पहाटे चालायला सुरुवात, संध्याकाळी परत बसमध्ये. मला त्या चालणाऱ्यांच्या भक्तीवर शंका नाही. पण पन्नास माणसांची बस दारात उभी राहून "माई, चहा" म्हणते तेव्हा ते सदावर्त राहत नाही. बसवाल्यानं माणशी पैसे घेतलेले असतात, जेवणासकट. त्यातले माईला किती जातात?

आणि वारी. वारीत लाखो माणसं चालतात तरी ती अजून मोडलेली नाही, याचं कारण तिची घडण. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली तिच्यात दिंडीशिवाय माणूस नाही. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, तळ ठरलेला, ठरलेल्या गावी ठरलेल्या घराण्याकडून जेवण. म्हणजे चालणाऱ्याला वाढणारा आधीच नेमून दिलेला. कामिनोवर एकटा माणूस खाटेसाठी पळतो, वारीत ती खाट पणजोबाच्या काळापासून लावून ठेवलेली असते. पण हीसुद्धा ताणली जाते आहे. पालखी पुण्यात असते त्या दोन दिवसांत बघा. पुढाऱ्याचं चित्र छापलेला रेनकोट, पुढाऱ्याचं चित्र छापलेली पिशवी, आणि बिस्किटाचा पुडा देताना देणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडं. वारकरी पुडा घेऊन पुढं सरकतो. त्याला सवय झाली आहे.

पालखी मार्गाचंही तसंच. २०२१ च्या नोव्हेंबरात दोन राष्ट्रीय महामार्गांची पायाभरणी झाली, आळंदीचा आणि देहूचा. रुंद रस्ते, बाजूनं वारकऱ्यांना चालायची पट्टी. गाड्या आणि दिंड्या एकाच अरुंद रस्त्यावर घुसमटायच्या, ते कमी होईल, आणि ते मी चांगलंच मानतो. फिरती शौचालयं आली हे तर त्याहून चांगलं. पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात काय पडलेलं असायचं हे ज्या शेतकऱ्यानं पाहिलं त्याला विचारा. पण रस्ता रुंद करताना जुने वड गेले, आणि काही गावांना वळसा पडला. वडसुद्धा वाढणाराच होता. दुपारच्या विसाव्याला दिंडी ज्याच्या खाली बसायची त्याच्या जागी दुभाजक आला, आणि सरकारी कागदावर त्याची नोंद "वृक्षतोड, भरपाईपोटी लागवड" अशी झाली. सगळं नियोजन चालणाऱ्याकडे बघून केलेलं आहे: रस्ता किती मीटर, टँकर किती, पोलीस किती. यवतच्या एखाद्या गल्लीत आता भाकरी किती घरांतून येते, दहा वर्षांपूर्वी किती घरांतून येत होती, हे कुठल्या खात्यानं मोजलंय का?

मामीच्या गल्लीपुरतं मी मोजलं. अकरा घरांतली चार आता भाकरी विकत आणून देतात. सुना नोकरीला जातात, आणि जावंच. दोन घरं बंद आहेत. राहिलेल्या पाचांत थापणारी प्रत्येक बाई साठीच्या पुढची आहे.

मग करायचं काय? स्पेनमध्येच एक चांगली गोष्ट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ग्रान्योनसारख्या ठिकाणचे ओस्पितालेरो हे पगारी नसतात आणि गावचेही नसतात. ते आधी स्वतः वाट चाललेले लोक. छोटं प्रशिक्षण घ्यायचं, मग पंधरा दिवस एखाद्या निवाऱ्यावर जाऊन राहायचं, झाडू मारायचा, स्वयंपाक करायचा, लोकांचे फोड बघायचे. तेवढे दिवस चालायचं नाही. म्हणजे चालणाऱ्यातूनच वाढणारा तयार होतो. गावाच्या चुलीवर सगळा भार पडत नाही आणि दारावर दरपत्रकही लागत नाही. आपल्याकडं हे अवघड का असावं? शहरातून दरवर्षी एक दिवस आळंदी ते पुणे चालणारे हजारो नोकरदार आहेत. त्यातल्या निम्म्यांनी एक आड एक वर्ष चालण्याऐवजी यवतला, वरवंडला, तरडगावला आदल्या दिवशी जाऊन पीठ मळलं, आणि दुसऱ्या दिवशी थांबून गाव झाडून दिलं, तर? परिक्रमेच्या बसवाल्यांनी माणशी रकमेतला ठरावीक भाग ज्या दारात बस थांबते तिथं ठेवला, तर? आणि पुरुषांनी भाकरी थापायला शिकायला काय हरकत आहे, हे मी स्वतःलाच विचारतो आहे.

कारण गेल्या आषाढात मी चाललो नाही. आदल्या रात्रीच यवतला गेलो. पहाटे तीनला मामीनं हाक मारली, परातीपुढं बसवलं. माझ्या पहिल्या सात भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटल्या. आठवी गोल म्हणता येईल अशी झाली, पण फुगली नाही. मामीनं ती कुत्र्याला घातली आणि माझं काम बदललं. सकाळी आठपर्यंत मी कापडावर भाकरी पसरत होतो, उलटत होतो, निवल्या की चवड लावत होतो. मध्येच घाई केली आणि दोन गरम भाकरी एकमेकींवर ठेवल्या.

"वाफ जाऊ दे रं आधी," मामी तव्यावरून नजर न उचलता म्हणाली.